गावात राहून लोकरीच्या क्लबचं सभासदत्व कसं घ्यावं: पैसे भरण्याआधीपासून धागा सुईवर चढेपर्यंत

तालुक्याच्या बाजारात लोकर कशी मिळते ते विणणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. दिवाळीनंतर दोन-अडीच महिने कटलरीच्या दुकानात ॲक्रिलिकचे गुंडे लागतात, तेही ठरावीक रंगांत, आणि संक्रांत उलटली की उरलेला माल वरच्या फळीवर जातो. मेरिनो म्हणजे त्या जातीच्या मेंढीची मऊ लोकर, बांबू मिसळलेलं सूत, हाताने रंगवलेल्या लडी हे सगळं यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडच्या गावात हातात धरून बघायची सोय नाही. त्यामुळे टपालाने लोकर घरी पाठवणारे क्लब शहरातल्या बाईपेक्षा आपल्याला जास्त उपयोगाचे आहेत. अडचण एवढीच की त्यांची आखणी थंड हवेत राहणाऱ्या आणि वर्षभर सारखा वेळ मिळणाऱ्या विणकरणीसाठी झालेली असते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं हे की रंगांचे फोटो बघून क्लब निवडू नका. आपले हात महिन्याला किती मीटर विणतात ते मोजा आणि त्या आकड्यावर क्लब निवडा.

क्लबचा व्यवहार

लोकर रंगवणारी व्यक्ती किंवा दुकान तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ घेतं आणि दर महिन्याला, महिन्याआड किंवा तिमाहीला एक पार्सल पाठवतं. त्यात एक-दोन लड्या असतात, बरेचदा सोबत विणायचा पॅटर्न असतो, कधी टाक्यांना लावायच्या खुणेच्या कड्या. रंग बहुधा पार्सल उघडेपर्यंत गुपित असतो. आगाऊ पैसे घेण्यामागे सरळ कारण आहे: किती लड्या रंगवायच्या ते आधी कळतं आणि कोरं सूत घाऊक भावात घेता येतं. म्हणूनच नोंदणी थोडे दिवस उघडी राहते आणि मग बंद होते. अमेरिकेत ओरेगनमधल्या ब्लू मून फायबर आर्ट्सने मोज्यांच्या लोकरीचा क्लब काढला, तेव्हा इतके लोक केवळ मोजे विणायला आगाऊ पैसे भरतात यावर बँकेचा विश्वास बसला नाही आणि फसवणुकीच्या संशयाने व्यवहार अडवला गेला होता. विणणाऱ्यांना मात्र त्यात काहीच नवल वाटलं नसेल.

क्लब साधारण तीन तऱ्हांचे असतात. एकात रंग गुपित. दुसऱ्यात सूत एकच, फक्त रंग दर वेळी वेगळा. तिसऱ्यात एकाच वस्तूचं सामान टप्प्याटप्प्याने येतं, म्हणजे आधी शालीच्या एका भागाचं, मग पुढच्या भागाचं. पहिल्यांदा घेताय तर दुसरी किंवा तिसरी तऱ्हा घ्या. गुपित रंगाची मजा मोठी आहे, पण न आवडलेला गडद जांभळा रंग परत पाठवता येत नाही.

आधी आपले हात मोजा

हे काम नोंदणीच्या निदान महिनाभर आधी करा. सध्या जे विणताय त्याचा गुंडा आणि सुईवरचं काम वेगवेगळं ठेवून फक्त गुंड्याचं वजन करा. किराणा दुकानातला मोठा काटा चालत नाही, तो बारीक फरक दाखवत नाही. सोनाराचा काटा उत्तम, नाहीतर स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. आठ दिवस नेहमीसारखं विणा आणि पुन्हा वजन करा.

आता लेबल बघा. समजा १०० ग्रॅममध्ये ४०० मीटर लिहिलंय, म्हणजे एका ग्रॅमला ४ मीटर. आठवड्यात गुंडा १२ ग्रॅमने उतरला असेल तर तुम्ही ४८ मीटर विणलंत, महिन्याला साधारण २०० मीटर. ४०० मीटरची एक लडी संपायला तुम्हाला दोन महिने लागणार. अशा बाईने दर महिन्याला एक लडी देणारा क्लब घेतला तर वर्षअखेर सहा लड्या पेटीत पडून राहतील. तिने तिमाही क्लबच घ्यावा.

आपल्याकडे यात हंगामाचा फरक फार मोठा पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, मग कापसाची वेचणी सुरू होते ती जानेवारीपर्यंत चालते. त्या दिवसांत रात्री जेवणं आटोपली की पाठ टेकायची घाई असते, सुया कोण घेतो. फेब्रुवारीनंतर दुपार मोकळी होते. म्हणून उन्हाळ्यात मोजलेला आकडा वेचणीच्या महिन्यांना लावू नका, त्या महिन्यांसाठी तो सरळ अर्धा धरा. क्लबचं वर्ष जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीत सुरू होत असेल तर आपल्याला ते सर्वांत सोयीचं.

वेचणीची आणखी एक गोष्ट. कापसाच्या बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटांच्या टोकांना बारीक ओरखडे पडतात, कातडी खरखरीत होते. ॲक्रिलिक ते सहन करतं. मेरिनोचा किंवा रेशमाचा बारीक तंतू मात्र त्या खरखरीत कडेला अडकतो, धाग्यातून एकेक केस ओढला जातो आणि टाक्यावर लव उभी राहते. रात्री झोपताना बोटांना खोबरेल तेल चोळा आणि सकाळी हात धुऊनच सुई हातात घ्या. विणण्याच्या आधी तेल लावू नका, डाग बसतो. हाताची कातडी नीट होईपर्यंत महागाची लडी उघडूच नका.

सुयांचे नंबर

यात चुकलात तर अख्खा पॅटर्न बिघडतो. आपल्या दुकानात सुया जुन्या ब्रिटिश नंबरांनी मिळतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन नंबर बरोबर उलटे चालतात. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. पॅटर्नमध्ये नुसतं '८ नंबर' वाचून घरातली ८ नंबरची सुई घेतली तर स्वेटर कमालीचा आखूड आणि घट्ट होणार. म्हणून नंबर सोडा, फक्त मिलिमीटर बघा. क्लबचे बरेच पॅटर्न गोल सुईवर, म्हणजे वायरने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर, विणायचे असतात. ती तालुक्याला सहसा मिळत नाही, तेव्हा नोंदणी करतानाच मागवून ठेवा.

धाग्याच्या जाडीसाठी 'प्लाय' हा शब्द दिसेल. आजकाल तो पदर मोजून नव्हे, तर जाडीचं नाव म्हणून वापरतात. ४ प्लाय किंवा फिंगरिंग म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे ४०० मीटर, त्याला साधारण २.२५ ते ३.२५ मिलिमीटरच्या सुया. ८ प्लाय किंवा डीके म्हणजे १०० ग्रॅममध्ये २०० ते २५० मीटर आणि ४ मिलिमीटरच्या आसपासच्या सुया. सुया घरात ज्या मापाच्या आहेत त्या जाडीचा क्लब घेतलात तर पहिल्याच वेळी दुहेरी खर्च होत नाही.

एका लडीत काय होतं

४ प्लायच्या १०० ग्रॅमच्या एका लडीत मोठ्या माणसाची मोज्यांची एक जोडी होते, किंवा एक छोटी शाल. बाळाची टोपी आणि पायमोजे ५० ग्रॅममध्ये बसतात. पण बाईचा पूर्ण बाह्यांचा कार्डिगन विणायचा तर १२०० ते १५०० मीटर लागतं, म्हणजे तीन-चार लड्या, आणि त्याही एकाच रंगाच्या. दर वेळी वेगळ्या रंगाची एक लडी देणाऱ्या क्लबातून स्वेटर निघत नाही. तुम्हाला स्वेटरच विणायचा असेल तर ते पैसे क्लबात घालू नका, एकदम चार लड्या विकत घ्या.

बाळंतविडा विणणाऱ्यांना मात्र क्लब छान पुरतो. टोपडं, मोजे, झबलं, छोटं दुपटं, सगळ्याला थोडी-थोडी लोकर लागते आणि रंग वेगवेगळे असले तरी शोभतात.

आपल्या हवेला कोणता धागा

मोज्यांच्या क्लबात बहुधा ७५ टक्के मेरिनो आणि २५ टक्के नायलॉन असतं. नायलॉनने टाच लवकर झिजत नाही. आपण वर्षातले बहुतेक महिने चपलेत वावरतो, तरी मी हा क्लब बाद करत नाही. शेतीची वीज बऱ्याच ठिकाणी रात्रीची असते, आणि डिसेंबर-जानेवारीत गव्हाला, हरभऱ्याला ओलीत करायला माणूस रात्री-पहाटे शेतात जातो. त्याच्या गमबुटात लोकरीचे मोजे आणि डोक्याला मेरिनोची कानटोपी यासारखी दुसरी ऊब नाही. लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरून ठेवते, सुती मोजा ओला झाला की पाय गार पडतो.

उन्हाळ्यासाठी सुती किंवा सूत-बांबूचे क्लब बघा. सुती धागा लोकरीसारखा ताणून परत आक्रसत नाही. म्हणून काठ लोकरीसारखा घट्ट बसत नाही आणि मोठा कपडा स्वतःच्या वजनाने लोंबतो. बाळाची झबली, रुमाल, जाळीदार पिशवी, क्रोशाचे तोरण यांना सूत उत्तम. मे महिन्यात हातांना घाम येतो आणि कूलरसमोर बसलं तर हवेत ओल असते, त्यामुळे लोकर सुईवर सरकत नाही. सूत त्या मानाने बरं.

लेबलवर 'सुपरवॉश' लिहिलं असेल तर त्या लोकरीचे खवले प्रक्रिया करून मऊ केलेले असतात, ती मशीनमध्ये धुता येते. पण ओली झाल्यावर ती लांबते. अशा धाग्याचा नमुना विणा, धुवा, आडवा वाळवा, आणि मगच टाके मोजा. न धुतलेल्या नमुन्यावरून केलेलं माप खोटं ठरतं.

पैशाचं गणित

क्लबची फी बघू नका, दर मीटरचा भाव काढा. समजा तीन पार्सलांची फी ४,५०० रुपये आहे, टपालखर्च दर पार्सलला १०० रुपये वेगळा, आणि प्रत्येकात ४०० मीटरची एक लडी. एकूण ४,८०० रुपयांत १,२०० मीटर, म्हणजे मीटरला ४ रुपये. मोज्यांची एक जोडी १,६०० रुपयांच्या लोकरीची झाली. हा आकडा पानावर लिहून घरी सगळ्यांसमोर ठेवावा आणि पटला तर पुढे जावं. विकण्यासाठी विणणाऱ्या बाईने तर हे केल्याशिवाय पैसे भरूच नयेत, कारण गावातलं गिऱ्हाईक ॲक्रिलिकच्या भावाशी तुलना करणार.

एकटीला जड जात असेल तर दोघी-तिघींनी मिळून एक सभासदत्व घ्या. बचत गटातल्या बायकांना हिशेबाची सवय असतेच. लडी वाटताना डोळ्यांनी अंदाज करू नका, काट्यावर ५०-५० ग्रॅम करा. दोघींची बाळाची टोपी नि मोजे आरामात होतात.

पैसे भरताना एकरकमी भरता येत असतील तर तसेच भरा. दर महिन्याला आपोआप कापले जाणार असतील तर नियम माहीत हवा: १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला पहिल्या मंजुरीनंतर दर वेळी ओटीपी लागत नाही. मात्र पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना यायला हवी. यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाची जागा असते. तिथून ही परवानगी तुम्हाला स्वतः बंद करता येते, दुकानदाराची वाट बघावी लागत नाही. मोबाइल मुलाच्या हातात असेल तर त्याच्याकडून ही जागा आधीच दाखवून घ्या.

पत्ता

खेड्यातलं पार्सल अडतं ते बहुतेक पत्त्यामुळे. आपल्या पत्त्यात मुक्काम आणि पोस्ट ही दोन गावं असू शकतात, आणि नोंदणीच्या फॉर्ममध्ये 'शहर' असा एकच रकाना असतो. तिथे जिल्ह्याचं नाव टाकून मोकळं होऊ नका. पत्त्याच्या पहिल्या ओळीतच लिहा: नाव, घरातल्या ज्या माणसाला पोस्टमन ओळखतो त्याचं नाव, मु. अमुक, पो. तमुक, ता., जि. जवळची खूण द्या, मग ती शाळा असो, मारुतीचं देऊळ असो की दूध डेअरी. पिन कोड आपल्या शाखा डाकघराचाच हवा. विदर्भातले पिन ४४ ने सुरू होतात, तेव्हा पहिले दोन आकडे दुसरे दिसले तर तिथेच चूक सापडली.

नोंदणीआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: पार्सल स्पीड पोस्टने पाठवाल का? खासगी कुरिअर बरेचदा तालुक्यापर्यंतच येतं आणि मग फोन येतो की येऊन घेऊन जा. एका लडीसाठी एसटीचं जाणं-येणं आणि दिवसाची मजुरी घालवण्यात अर्थ नाही. टपाल गावात येतं. पावतीवरचा क्रमांक १३ अक्षरांचा असतो: दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी 'आयएन'. तो वहीत लिहून ठेवा आणि डाकसेवकाला आधीच सांगून ठेवा, "दादा, माझं लोकरीचं पार्सल येणार आहे, मी वावरात असली तर सासूबाईंजवळ द्या." जुलै-ऑगस्टात नाल्याला पूर आला की टपालही थांबतं, म्हणून लोकर आत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाठवायला लेखी सांगा.

परदेशी क्लब पहिल्या वर्षी घेऊ नका. कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी, म्हणजे बाहेरून आलेल्या मालावरचा जीएसटी, पार्सल हाती येताना भरावा लागतो, आणि ती रक्कम जोडली की मीटरचा भाव भलताच चढतो.

पार्सल आलं की

उघडताना कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा, लेबल आणि वजन दोन्ही दिसू द्या. नंतर काही तक्रार निघाली तर हाच पुरावा. लडीचं वजन करा. दोन-तीन ग्रॅमचा फरक हवेतल्या ओलीने पडतो, दहा ग्रॅमचा सहसा पडत नाही.

हाताने रंगवलेली लोकर गुंड्यात नाही, पीळ दिलेल्या लडीत येते. तिच्यावरून थेट विणता येत नाही. पीळ उलगडला की मोठा वेढा होतो, त्याला तीन-चार ठिकाणी छोट्या दोऱ्यांनी बांधलेलं असतं. तो वेढा दोन खुर्च्यांच्या पाठीवर किंवा कोणाच्या तरी दोन हातांवर ताठ बसवा आणि मगच त्या दोऱ्या कापा. आधी कापल्या की तासभर गुंता सोडवत बसावं लागतं. माझ्याकडे शेजारची पोर हात धरून बसते आणि पाच मिनिटांत कुरकुरते, "काकू, हात दुखले ना." तिला म्हणते, "थांब ग बाई, टोक सापडलं." दोन्ही टोकं बहुधा एकत्र गाठ मारलेली असतात. सैल गुंडाळा: डाव्या हाताची तीन बोटं गुंड्याखाली ठेवून त्यांच्यावरून धागा घ्या आणि थोड्या-थोड्या वेळाने बोटं काढून गुंडा फिरवा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेली राहते, विणून धुतल्यावर आक्रसते आणि कपडा लहान होतो.

मग रंगाची परीक्षा. पांढरं सुती कापड ओलं करून धाग्यावर दाबा. रंग उतरला तर लोकर गार पाण्यात थोडं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. तरीही उतरत असेल तर पांढऱ्या रंगाशी पट्टे करू नका. धुवायला रिठ्याचं पाणी चांगलं, पण गार. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की लोकर घट्ट नमद्यासारखी होते आणि ती परत सुटत नाही.

एकाच रंगाच्या दोन लड्या आल्या असतील तरी त्या हुबेहूब सारख्या नसतात. दोन ओळी एका लडीने, दोन दुसरीने असं आलटून-पालटून विणा, म्हणजे मध्येच रंगाची रेघ दिसत नाही.

साठवण

कसर खऱ्या लोकरीला लागते, सुताला आणि ॲक्रिलिकला नाही. मळकी, घामाची लोकर तिला आधी आवडते. म्हणून अर्धवट काम ठेवायचं असेल तरी हवा न जाणाऱ्या पिशवीत ठेवा. कडुनिंबाचा पाला घातला तर मदत होते, पण एकदा अळी झाली की पाला तिला मारत नाही. तेव्हा लोकर बंद पिशवीत आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवावी. वीज जाऊन बर्फ वितळत असेल तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. कडक उन्हात रंगीत लडी पसरू नका, रंग उडतो.

बाळंतविड्याच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका. त्यातल्या नॅफ्थलीनने नवजात बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. जी६पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांना तर धोका फारच जास्त. विडा देताना कपडे धुऊन, वाळवून, सुती पिशवीतून द्या.

तक्रार आणि पुढचं वर्ष

पार्सल आलंच नाही किंवा वजनात खोट निघाली तर आधी विक्रेत्याला लिहून कळवा, नुसता फोन करू नका. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवणं आणि महिनाभरात निवारण करणं बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. नोंदणीची पावती, व्हिडिओ आणि टपालाचा क्रमांक हाताशी ठेवा.

नूतनीकरणाची तारीख वहीत आधीच लिहून ठेवा, आणि त्याच्या पंधरा दिवस आधी पेटी उघडून न विणलेल्या लड्यांचं वजन करा. दोनहून जास्त उरल्या असतील तर ऑटोपे बंद करून एक हंगाम थांबा. क्लब पुढच्या वर्षीही नोंदणी उघडतात. पेटी रिकामी असेल आणि हात शिवशिवत असतील तर नव्या वर्षाचे पैसे भरायला हरकत नाही, फक्त सोनाराच्या काट्यावर एकदा पुन्हा आठवड्याचा आकडा काढून घ्या.